फळ कशाच्या जागी?

(द्वारका, नाशिक येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या डॉक्टरांनी द्वारका परिसरात आयुष्यभर दवाखाना चालवला. त्यांच्या चिठ्ठीवर गोळ्यांची नावे लिहून झाली की खाली एक ओळ जेवणाची असे. ताक घ्या, रात्रीचा भात कमी करा, पेरू खा, असे काहीतरी. आहारतज्ज्ञ हा शब्द आपल्या गावात रुळायच्या आधी हे काम असे डॉक्टरच करत होते. मी आज त्याच खालच्या ओळीवर बोलणार आहे.

नाशिकमध्ये जानेवारी उजाडला की माझ्याकडे दोन प्रश्न येऊ लागतात. पहिला असा : "मॅडम, शिजवलेलं सगळं सोडून नुसत्या फळांवर राहिलं तर वजन उतरेल ना?" दुसरा बरोबर उलटा : "द्राक्षं बंदच करू का? फार गोड असतात, त्यानंच पोट सुटलंय." गंमत अशी की पुष्कळदा हे दोन्ही प्रश्न एकाच घरातून येतात. सून फळांवर राहायचे म्हणते, सासूबाई फळाला हात लावायला घाबरतात, आणि ओट्यावर द्राक्षांची पेटी उघडी पडलेली असते. दोघींनाही पुरेसे उत्तर मिळालेले नाही. ते देण्याचा प्रयत्न मी करणार आहे, आणि त्यासाठी आधी बागेत जाऊ.

निफाड, दिंडोरी, चांदवड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या बागाईतदारांना मी काही नवे सांगते आहे असे नाही, पण शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगते. माल उतरवायचा की नाही हे बागेत जिभेवर सोडत नाहीत. शेतकरी घडाच्या वरचा, मधला आणि शेंड्याचा असे मणी तोडतो, रस गोडी मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पिळतो, झाकण दाबतो आणि यंत्र डोळ्याला लावून उजेडाकडे धरतो. आत निळा आणि पांढरा भाग दिसतो. दोन्ही जिथे मिळतात तो आकडा म्हणजे ब्रिक्स. "अठरा," तो म्हणतो आणि यंत्र पुढच्या माणसाच्या हातात देतो. अठरा ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ, आणि त्यातली बहुतेक साखर. ती निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज. थॉम्पसन, सोनाका, शरद, सगळ्या जातींची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. गोडी भरावी म्हणूनच तर ऑक्टोबरच्या छाटणीपासून माणूस रात्रंदिवस त्या बागेमागे असतो.

आता हा आकडा शेजारच्या आकड्यांजवळ ठेवून पाहा. बाटलीतल्या कोला पेयात शंभर मिलीलिटरला साखर असते ११ ग्रॅमच्या आसपास. रसवंतीवरचा उसाचा ताजा रस अठरा-वीस ब्रिक्सचा असतो. म्हणजे वजनास वजन घेतले तर द्राक्षात कोलापेक्षा जास्त साखर आहे आणि ती जवळजवळ उसाच्या रसाइतकी आहे. सासूबाईंची भीती काही हवेतली नाही. जो कोणी "फळातली साखर म्हणजे साखरच नव्हे" असे सांगतो, त्याने एकदा त्या काचेतून पाहावे.

तरीही मी द्राक्ष बंद करायला सांगत नाही. का, ते सांगते.

१९७७ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना सफरचंदे दिली. एकदा अख्खी, एकदा गर करून, एकदा नुसता रस काढून. साखरेचे प्रमाण तिन्ही वेळा सारखेच. रस पिऊन संपवायला अख्ख्या सफरचंदाच्या अकरापट कमी वेळ लागला. रस प्यायल्यावर पोट भरल्यासारखे वाटणे सगळ्यात कमी, इन्सुलिन जास्त चढले, आणि नंतर रक्तातली साखर घसरून खालीही गेली. फळ तेच, साखर तीच. बदलले होते ते फक्त चावण्याचा वेळ आणि तंतू : गरात ते मोडलेले, रसात काढून टाकलेले. साखर पेशींच्या भिंतीआड असते तेव्हा ती हळू सुटते, जठर हळू रिकामे होते, आणि बास झाले हा निरोप मेंदूपर्यंत जायला सवड मिळते.

फ्रुक्टोजबद्दल २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांवर झालेले एक काम मला महत्त्वाचे वाटते. थोडे फ्रुक्टोज पोटात गेले तर लहान आतडेच त्याचा बराचसा निकाल लावते. एकदम भरपूर आले की आतड्याची ताकद संपते, उरलेले यकृताकडे जाते, आणि यकृत त्याची चरबी करू लागते. उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे हे मान्य. पण एका वेळी किती आणि किती वेगाने, हा प्रश्न नुसत्या "किती गोड"पेक्षा मोठा आहे, एवढे यातून दिसते.

माणसांचे आकडे हवेत तर तेही आहेत. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य-कर्मचाऱ्यांचे तीन मोठे गट, मिळून १,८७,००० हून अधिक माणसे, वर्षानुवर्षे पाहिली गेली. २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष आले. अख्खी फळे, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंद, जास्त खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह होण्याचे प्रमाण कमी दिसले. फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत ते जास्त दिसले. यादीत द्राक्षाचे नाव पाहून नाशिककरांना आनंद व्हायला हरकत नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात असू द्या. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. फळ खाणारी माणसे इतर बाबतींतही जपून राहणारी असू शकतात. आणि तिथली माणसे द्राक्षे मूठभर खातात, पेटीने नाही.

इथे आपण मूळ मुद्द्यावर आलो. द्राक्षाची अर्धा किलोची प्लास्टिकची पेटी घ्या. शंभर ग्रॅमला सुमारे ६८ उष्मांक धरले तर पेटीत झाले ३४० आणि साखर ८० ग्रॅमच्या आसपास. अर्धी पेटी म्हणजे १७० उष्मांक. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरीही तेवढ्याचीच. अर्धी पेटी द्राक्षे खाल्लीत आणि त्या जेवणात एक भाकरी कमी केलीत, तर हिशेब जिथल्या तिथे. दोन भाकऱ्या, भाजी, भात असे पूर्ण जेवण झाले, आणि टीव्हीसमोर बसून अर्धी पेटी वर गेली, तर ते रोजचे १७० उष्मांक कुठेतरी साठणारच. फळाने वजन वाढते का, या प्रश्नाला माझ्याकडे एकच प्रतिप्रश्न आहे : फळ कशाच्या जागी खाल्लेत?

आपल्याकडे फळ कशाच्याही जागी येत नाही, ते वर येते. दुपारच्या आमरस-पुरीत रस पुरीच्या जागी येत नाही, पुरीबरोबर येतो, आणि गोड कमी वाटला तर साखर पडते. केळ्याचे शिकरण होते ते दूध-साखर घालून, आणि तेही पोळीबरोबर. चिकूचे मिल्कशेक होते. फ्रूट सॅलड नावाच्या वाटीत फळे कमी आणि कस्टर्ड जास्त. उपवासाच्या दिवशी फराळ म्हणून केळी-खजूर येतात आणि मागोमाग साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या. फळाला दोष देण्याआधी ताटाकडे बघायला हवे.

आता सुनेच्या प्रश्नाकडे येते, कारण तिथे काळजी जास्त आहे.

कच्च्या आहाराचा आग्रह आपल्याकडे नवा नाही, आणि त्याचा सगळ्यात थोर प्रयोगकर्ता आपल्याला ठाऊक आहे. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना १९१२ साली गांधीजींनी दूध सोडले आणि फळांवर राहू लागले. हेतू वजनाचा नव्हता; संयम, साधेपणा आणि गरिबाला परवडणारे अन्न, हा होता. १९१४ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध सुरू झाले त्याच दिवसांत, ते लंडनला पोचले. तिथे त्यांच्या आहारात शेंगदाणे, पिकी आणि कच्ची केळी, लिंबू, ऑलिव्ह तेल, टोमॅटो आणि द्राक्षे होती. दूध, धान्य आणि डाळी पूर्ण बंद. तशातच फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली आणि छातीत दुखू लागले. डॉ. जीवराज मेहता (पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले ते) उपचार करत होते. दूध आणि धान्य घ्या, असा त्यांचा आग्रह होता.

या प्रसंगात आपला एक माणूस आहे, गोपाळ कृष्ण गोखले. ते स्वतः मधुमेहाने त्रस्त होते, प्रकृतीसाठी फ्रान्सला गेले होते आणि युद्धामुळे तिथेच अडकून पडले होते. लंडनला आल्यावर त्यांनी गांधीजींना डॉक्टर सांगतील ते खा म्हणून गळ घातली. गांधीजींनी विचाराला वेळ मागून घेतला आणि शेवटी दूध घेणार नाही असे कळवले. गोखल्यांना ते पटले नाही. त्यांना त्यात धर्म कमी आणि हट्ट जास्त दिसला. पण त्यांनी पुढे जबरदस्ती केली नाही, आणि डॉक्टरांनाही करू दिली नाही. काही महिन्यांनी, १९१५ च्या फेब्रुवारीत, गांधीजी पुण्याला भारत सेवक समाजात आले. तेव्हा त्यांच्यासाठी ठेवलेल्या अल्पोपाहारात गोखल्यांनी शेंगदाणे, खजूर आणि ताजी फळे मांडायला लावली होती. स्वतः धड चालू शकत नव्हते, तरी त्या कार्यक्रमाला आले आणि तिथेच त्यांना घेरी आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९ फेब्रुवारीला, ते गेले. ज्याचे आहाराचे मत पटत नाही त्याच्याशी कसे वागावे, याचा यापेक्षा मोठा धडा मला माहीत नाही. घरात मुलगा-मुलगी कच्च्या आहारावर जायचे म्हणत असेल, तर टोमणे मारू नका. पानात त्यांच्या आवडीचे वाढा, आणि रक्ततपासणीचा आग्रह धरा.

गांधीजींची पुढची गोष्टही पूर्ण सांगितली पाहिजे. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या मोहिमेत त्यांना आमांशाने गाठले, शरीर खंगले, आणि अखेर कस्तुरबांनी सुचवल्यावर ते बकरीचे दूध घेऊ लागले. १९२९ मध्ये त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग पुन्हा केला. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, हिरवी पाने, लिंबू, मध. त्याबद्दल 'यंग इंडिया'त खुलेपणाने लिहिले, लोकांकडून अनुभव मागवले, आणि पोट बिघडल्यावर तो प्रयोग तितक्याच खुलेपणाने थांबवला. निसर्गोपचारावरची श्रद्धा मात्र सुटली नाही. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळीकांचनला आश्रम निघाला तो त्यातूनच. कच्च्या आहाराचा प्रचार करणारे आज गांधीजींचे नाव घेतात तेव्हा ही शेवटची पाने वगळतात, आणि मला ते अप्रामाणिक वाटते.

जे एका माणसाला अनुभवातून कळले ते नंतर पाचशे माणसांवर मोजले गेले. जर्मनीत गीसेन येथे दीर्घकाळ कच्च्या आहारावर राहणाऱ्या ५१३ जणांचा अभ्यास झाला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन उतरले का? उतरले. पुरुषांचे सरासरी ९.९ किलो, स्त्रियांचे १२ किलो. सुनेचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. पण त्याच अभ्यासात १४.७ टक्के पुरुष आणि २५ टक्के स्त्रिया वजनाच्या निरोगी मर्यादेच्या खाली गेल्या होत्या, आणि पंचेचाळिशीच्या आतल्या साधारण ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा बंद पडली होती. पाळी थांबणे म्हणजे शरीराने अन्नाचा तुटवडा जाहीर करणे. पुढे २००५ मध्ये आलेल्या पाहणीत कच्च्या आहारावरच्या ३८ टक्के लोकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल कमी होते, ही जमेची बाजूही नोंदवली पाहिजे. दातांवरचे कवच झिजण्याचे प्रमाणही या मंडळींत जास्त सापडले. आंबट फळ दिवसभर तोंडात राहिले तर तसे होणारच.

आता घराजवळ येऊ. माझ्याकडे काठे गल्लीतून एक बाई आल्या होत्या. चाळिशीच्या आतल्या, नोकरी करणाऱ्या, अतिशय शिस्तीच्या. काय खाता ते लिहून आणा म्हटल्यावर वहीत रेघा ओढून लिहून आणले. सकाळी कोमट पाणी, लिंबू आणि चमचाभर मध. मग पेलाभर मोसंबीचा रस. दुपारी पपईची मोठी ताटली आणि दोन केळी. चारला आठ खजूर, पंधरा बदाम. संध्याकाळी द्राक्षांची अर्ध्या किलोची पेटी. मी त्यांच्यासमोरच बेरीज केली. उष्मांक बाराशेच्या आत. साखर दोनशे ग्रॅमच्या वर. प्रथिने पंधरा ग्रॅमच्या आसपास. हवी होती पन्नास. वजन उतरले होते, त्यात शंका नाही, आणि मैत्रिणी कौतुकही करत होत्या. पण दंड बारीक झाले होते, जिना चढताना पाय भरून येत होते, केस जात होते, पाळी लांबत होती, बी-१२ तळाला गेले होते. आणि ज्या पोटासाठी हे सगळे आरंभले, त्याचा घेर मात्र फारसा हलला नव्हता. त्या रडल्या नाहीत. त्यांनी वही मिटली आणि विचारले, "मग एवढं सोसून उतरलं ते काय?"

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. दोघे शेजारी उभे. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय माणसे वजनकाट्यावर सडपातळ आणि आतून चरबीची असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला समजावले. आपल्याकडे स्नायू मुळातच कमी, पोटाभोवतीची चरबी जास्त. अशा शरीराला प्रथिनांशिवाय उपाशी ठेवले तर चरबीबरोबर स्नायूही जातात. त्या बाईंचे उतरलेले वजन मोठ्या प्रमाणात दंडा-मांड्यांचे होते. म्हणून मी सांगते, काट्याबरोबर शिंप्याची टेप घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या आत हवी, हे आपल्या लोकांसाठी ठरवलेले माप आहे. वजन उतरतेय आणि कंबर तिथेच, तर जे चाललेय ते चुकते आहे.

प्रथिनांचे गणित तर डोळे उघडणारे आहे. साठ किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम द्राक्षांत असतात ०.७ ग्रॅम. फक्त द्राक्षांतून पन्नास ग्रॅम मिळवायची तर सात किलो द्राक्षे खावी लागतील, आणि त्यांचे उष्मांक होतील साडेचार हजारांच्या वर. दक्षिण आफ्रिकेतल्या योहाना ब्रांट यांनी १९२८ मध्ये द्राक्षोपचारावर पुस्तक लिहिले आणि नुसती द्राक्षे खाऊन कर्करोग बरा होतो असा दावा केला. त्याला आजवर कसलाही वैद्यकीय आधार मिळालेला नाही. तरी तो दावा मरत नाही. आपल्या जिल्ह्यात द्राक्ष आहे म्हणून तो आपल्याकडे लवकर रुजू शकतो, यासाठी स्पष्ट सांगते : कर्करोगाच्या रुग्णाला जेवण सोडायला लावून द्राक्षांवर ठेवू नका. त्याला ताकदीची गरज इतरांपेक्षा जास्त असते.

आणि तरीही मी फळांच्याच बाजूची आहे. त्यालाही पुण्याचाच आधार आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यातून आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि डॉ. याज्ञिक यांनी २००१ मध्ये एक निष्कर्ष मांडला. आई एकूण किती उष्मांक खाते याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळे मात्र जन्मतः भरलेली होती. शेतात राबणाऱ्या, ताटात भाकरी आणि कोरड्यास एवढेच असणाऱ्या त्या बायकांच्या जेवणात फळानेही मोलाची भर घातली असावी. त्याच गावांत दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांना बी-१२ कमी होते, हेही तिथेच कळले. जर्मनीतल्या कच्च्या आहारवाल्यांना बी-१२ ची कमतरता वर्षांनी गाठते. आपल्यातली बरीच शाकाहारी माणसे ती घेऊनच सुरुवात करतात. अशा माणसाने दूध-दहीही सोडले तर काय होणार?

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत दोन आवाज घरोघर पोचले. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये तोंड चालू ठेवू नका. ऋजुता दिवेकर सांगतात, केळे-आंबा-फणस यांना घाबरू नका, आपल्या मातीतले, हंगामातले खा. लोक मला विचारतात, कोणाचे ऐकायचे? मला या दोघांत भांडण दिसत नाही. एक जण वेळेला कुंपण घालतो, दुसरी व्यक्ती भीती काढते. ज्याला सतत चरण्याची सवय आहे त्याने पहिले ऐकावे. जी मुलगी द्राक्षाला घाबरून "शुगर फ्री" म्हणून खजुराच्या वड्यांचा डबा संपवते तिने दुसरे ऐकावे. शंभर ग्रॅम खजुरात २८० च्या आसपास उष्मांक असतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी जाते, साखर सगळी तिथेच राहते. मूठभर द्राक्षे आणि मूठभर बेदाणे ही सारखी मूठ नव्हे. कच्च्या आहारात वजन अडते ते बहुधा इथे : खजूर, बेदाणे, मध, काजू, ओले-सुके खोबरे, आणि वर "नैसर्गिक आहे, कितीही चालते" हा समज. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेची मर्यादा घातली तेव्हा अख्ख्या फळातली साखर त्यातून वगळली, पण मध आणि फळांचा रस यांची साखर धरली. घरचा ताजा रसही त्यात आला.

कच्चे खायचेच असेल तर त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्या ताटाची डावी बाजू पाहा. लिंबू, चटणी, कोशिंबीर, काकडी, मुळा, कांदा, गाजर. कच्च्या अन्नाची जागा आपल्या वाडवडिलांनी राखून ठेवली होती. आपण ती चमचाभर केली. ती वाटीभर करा. मोड आलेली मटकी थोडी वाफवून कांदा-लिंबाबरोबर घ्या. पावसाळ्यात कच्ची पालेभाजी टाळा, कारण मातीतून येणारे जंत आणि आमांश काही निसर्गोपचाराला भीत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार उष्मांकांच्या दिवसासाठी भाज्या ४०० ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम सांगितली आहेत. भाजी चौपट, हे लक्षात घ्या. दोनशे ग्रॅम फळ खाल्लेत तरी माझी हरकत नाही, जागा ठरलेली असेल तर.

जागा मी अशी सुचवते. दुपारी चारचा बिस्किट-फरसाणाचा डबा बंद करा आणि तिथे फळ आणा. शंभर ग्रॅम पेरूत पाच ग्रॅमच्या वर तंतू असतात, द्राक्षात एक ग्रॅमही नसतो. म्हणून वजन कमी करायचेय त्याचे रोजचे फळ पेरू असावे आणि द्राक्ष हंगामाचे कौतुक म्हणून यावे. द्राक्षे घड हातात घेऊन खाऊ नका; वाटीत मोजून काढा, पेटी झाकून ठेवा. पूर्वी आपल्याकडे भोकरी, अनाबेशाही अशी बियांची द्राक्षे होती. बी काढता काढता हात आपोआप थांबायचा. बिनबियांच्या द्राक्षाला तो थांबा नाही, तो आपण घालायचा. फळाबरोबर मूठभर भाजलेले फुटाणे किंवा वाटीभर दही घ्या. रात्री जेवण झाल्यावर फळांची ताटली फिरवण्याची पद्धत घरातून काढून टाका. पाहुण्यांना वाढायची तर जेवणात वाढा.

आणि शेवटी तुम्हा सर्वांना विनंती. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने फळांचे उपवास सुरू करू नका. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळी, शहाळे, मोसंबी यांतले पोटॅशियम तुम्हाला झेपेल का ते आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर स्त्री, वाढत्या वयाची मुले आणि सत्तरीपुढची माणसे यांना नुसत्या फळांवर कोणीही ठेवू नये. ज्यांना कच्च्या आहाराचा प्रयोग करायचाच आहे, त्यांनी सुरुवातीला हिमोग्लोबिन, बी-१२, तीन महिन्यांची साखर आणि कंबरेचे माप लिहून ठेवावे आणि तीन महिन्यांनी तेच पुन्हा तपासावे. आकडे बिघडले तर प्रयोग थांबवावा.